बोटभर चीर

कोरे डॉक्टर रोग्याकडे खालून वर बघायचे. आधी चप्पल. माणूस खुर्चीत बसला की ते स्वतः वाकून त्याची चप्पल उचलून घेत, उलटी करत आणि टाच कुठे झिजली, अंगठा कुठे झिजला ते बोट फिरवून पाहत. खेड्यातली माणसं ओशाळायची. "साहेब, ऱ्हाऊ द्या, शेणात भरलीय," म्हणायची. ते ऐकायचे नाहीत. मग त्या माणसाला मागच्या अंगणात नेऊन मातीवर चालायला लावायचे. फरशीवर चालायला कधीच नाही. "फरशीवर सगळेच बरे चालतात," असं ते म्हणत.

मी त्यांच्याकडे ऑपरेशन थिएटरची सिस्टर होते. केजला, नव्वदच्या दशकात. तेव्हा गावात एसटीडीचे पिवळे बूथ नुकते उघडायला लागले होते, घराघरांवर केबलच्या तारा लोंबायला लागल्या होत्या, आणि पुण्याहून औषध कंपन्यांची टाय लावलेली पोरं मोटारसायकलवर येऊन गुळगुळीत कागदाचे कॅटलॉग ठेवून जात होती. दवाखाना दोघांचा. हाडांचे डॉक्टर गंगाधर कोरे आणि भुलीचे डॉक्टर पाटोदेकर. दहा खाटा, एक थिएटर, मागे अंगण, अंगणात पत्र्याची शेड.

डॉक्टर मूळचे धर्मापुरीचे, लिंगायत घरातले. भावाचं कापडाचं दुकान होतं. सकाळी गळ्यातलं लिंग तळहातावर घेऊन पूजा झाल्याशिवाय ते चहासुद्धा घेत नसत. अंगानं किडकिडीत, चष्मा जाड, बोटं मात्र बाईच्या बोटांसारखी निमुळती. सगळ्यांना तुम्ही म्हणायचे. दहा वर्षांच्या पोरीलाही, "तुमी आता पाय इकडं करा." आवाज कधी चढला नाही. त्यांना राग आला, हे आम्हाला कळायचं ते एवढ्यावरूनच की ते हातातली वस्तू फार हळू खाली ठेवत.

त्यांना एक सवय होती, तिच्यापायी एकदा त्यांना मारच बसायचा होता. रोगी कसा लंगडतो ते पाहिलं की ते स्वतः तसं लंगडून बघत. पाय तसाच टाकायचा, कंबर तशीच झुकवायची, व्हरांड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. लिंबागणेशहून एक म्हातारा आला होता, सोबत तरणाताठा मुलगा. डॉक्टर म्हाताऱ्याच्या मागोमाग तसेच लंगडत निघाले तसा मुलगा उठला.

"माझ्या बापाची नक्कल करतो काय बे?" त्यानं डॉक्टरांची कॉलरच धरली.

डॉक्टरांनी कॉलर सोडवून घेतली नाही. म्हणाले, "तुमचे वडील गुडघा दुखतो म्हणतात. मी आत्ता तसं चाललो, तर मला घोट्यात कळ आली. गुडघा चांगला हाय त्यांचा. घोट्याचा फोटो काढू."

मुलानं हात सोडला. फोटोत घोटाच निघाला. तो मुलगा पुढं दर संकष्टीला देवाचा नारळ आणून द्यायचा.

कोरे डॉक्टर पायाच्या शिरांचं काम करायचे. शीर म्हणजे रक्ताची नव्हे. स्नायूला हाडाशी बांधणारी, पांढरी, दोरीसारखी असते ती. पोलिओनं किंवा महारोगानं पाऊल लोंबायला लागलं, की एका ठिकाणची चालती शीर काढून दुसऱ्या ठिकाणी ओवायची, म्हणजे पाऊल पुन्हा उचलतं. आणि आमच्या भागात आणखी एक दुखणं होतं, कोयत्याचं. ऊसतोडीला गेलेल्या माणसांच्या टाचेवरची जाड शीर, जिला लोक धोंडशीर म्हणतात, ती कापली जायची. कुणीतरी कारखान्यावर वरवर कातडी शिवून द्यायचा. सहा महिन्यांनी माणूस आमच्याकडे यायचा, टाच फरफटत.

दुसरे डॉक्टर अशी शीर काढायला पोटरीपासून घोट्यापर्यंत वीतभर उघडायचे. कोरे डॉक्टरही आधी तसंच करत. मी नोकरीला लागले त्या वर्षी केजजवळच्या एका सालगड्याचं असं ऑपरेशन झालं. टाके निघाले, तो पंधराव्या दिवशी पाण्याच्या पाळीवर गेला, चिखलात. जखम पार उसवली. ती भरायला आठ महिने लागले, तेवढ्यात मालकानं दुसरा गडी ठेवला. डॉक्टर त्या माणसाची पट्टी स्वतः बदलायचे. एके दिवशी पट्टी बदलता बदलता मला म्हणाले, "सिस्टर, शीर बोटाएवढी, आणि ती काढायला मी याला वीतभर फाडला. आपण याच्या पायात पाहुणे. पाहुण्यानं भिंत पाडून घरात यायचं का?"

तेव्हापासून त्यांनी बोटभर चिरेचा ध्यास घेतला. एक चीर खाली, एक वर, आणि मधली कातडी शाबूत ठेवून आतल्या आत शीर सोडवून ओढून घ्यायची. कॅटलॉगात त्यासाठी एक परदेशी हत्यार होतं, लांब सळई आणि टोकाला धारेची कडी. ते फार महाग. डॉक्टर कॅटलॉग घेऊन लेथवाल्या रशीदभाईंकडे गेले. मीही होते.

रशीदभाईंनी चित्र उलटंसुलटं करून बघितलं. "डाक्टरसाब, ये कौनसे मशीन का पुर्जा है?"

"मशीनचा न्हाई. माणसाच्या पायात घालायचं हाय."

रशीदभाई उठले, कोपऱ्यातल्या नळावर कोपरापर्यंत हात धुतले आणि मगच सळई हातात घेतली. चार वेळा केलं, चार वेळा डॉक्टरांनी परत आणलं. पाचव्यांदा रशीदभाईंनी कडीची आतली धार आपल्या मनगटावरच्या केसांवर लावून बघितली आणि बाहेरची कड ओठांवरून फिरवली, कुठे खरखरतंय का म्हणून. पैसे सांगितलेच नाहीत.

आणि मग शेडमधली शिकवणी सुरू झाली. ज्यांच्या घरात कांदासुद्धा सोमवारी चालत नसे असे कोरे डॉक्टर दर रविवारी खाटकाकडून बकऱ्याचे पाये आणायचे. पिशवीवर वर्तमानपत्र, वर्तमानपत्रावर मेथीची जुडी. मागच्या शेडमध्ये दार लावून, डोळ्यांवर रुमाल बांधून, ते बोटांच्या अंदाजानं शीर सोडवायला शिकत. मी पाय धरून बसायची. मग ते अंगणातच डोक्यावरून पाणी घेत आणि ओलेत्यानं घरी जात. त्यांच्या मिसेसना सगळं ठाऊक होतं. एकदा त्या मला म्हणाल्या, "सिस्टर, मेथी तरी घरी पाठवत जा, वाया जाते."

चार वर्षांत पन्नासेक पाय त्यांनी असे केले. टाके तीन नाहीतर चार. लोक आठवड्यात घरी जायचे. दोन जिल्हे ओलांडून माणसं यायची. पाटोदेकर डॉक्टर मोठ्या इमारतीच्या गोष्टी करायला लागले होते, बायपासला जागाही बघून आले होते.

साखराबाई आली ती अशाच दिवसांत. धनगराची, तिशीची, उंच, काळीसावळी बाई. घरची पंचवीस-तीस मेंढरं, पण ती सासूवर टाकून नवरा-बायको ऊसतोडीला गेलेली. नवरा बापू पुढं ऊस तोडत होता, ही मागं वाकून मोळी बांधत होती. त्याचा कोयता मागं आला आणि हिच्या टाचेवर बसला. बापू हे सांगताना भिंतीकडं बघत होता. सांगून झाल्यावर म्हणाला, "माझ्याच हातानं झालं, साहेब." तिनं लगेच त्याला गप्प केलं. "तुमी मुद्दाम केलं काय? उगं तेच ते."

सात महिने झाले होते. तुटलेली टोकं एकमेकांपासून लांब गेली होती. डॉक्टरांनी ठरवलं, अंगठा वाकवणारी जी शीर घोट्यामागून खोल जाते, ती काढायची आणि टाचेच्या हाडात बसवायची. बोटभर चिरेतून.

भूल कमरेत दिलेली होती, त्यामुळं साखराबाई जागी होती. पडद्याच्या पलीकडं ती पाटोदेकर डॉक्टरांना मेंढ्यांची नावं सांगत होती. डॉक्टरांनी शीर आकड्यात धरून ओढली. ती जितकी खालून कापावी तितकी लांब मिळते. तिथं दिसत नाही, बोटाच्या अंदाजानंच जावं लागतं. बारीक कात्री आत गेली, कट्कन आवाज झाला, शीर हातात आली. चांगली लांब.

मी ती ओल्या कापडात घेतली. डॉक्टर चिरेत बघत होते. मग त्यांनी कात्री ट्रेमध्ये ठेवली, इतकी हळू की आवाजच झाला नाही.

"सिस्टर, चाकू."

त्यांनी चीर वाढवली. वीतभर. कितीतरी वर्षांनी मी त्यांना असं उघडताना बघत होते. आत शिरेच्या शेजारी, तिला अगदी खेटून जाणारी तळव्याची नस होती. स्पर्श कळवणारी नस. तिची दोन टोकं होती.

पलीकडून साखराबाई म्हणाली, "झालं काय, डाक्तर?"

"अजून थोडं हाय, बाई," ते म्हणाले.

चष्म्यावर भिंग लावून त्यांनी ती नस केसाएवढ्या दोऱ्यानं जोडली. दीड तास लागला. मग धोंडशिरेचं कामही पुरं केलं, ठरल्याप्रमाणं, कुठे घाई नाही. पडद्यापलीकडच्या गप्पा केव्हाच थांबल्या होत्या.

हात धुताना पाटोदेकर डॉक्टर हळू आवाजात म्हणाले, "गंगाधर, एक ऐक. नस कोयत्यानंच कापलेली होती. आपण उघडलं तेव्हा दिसली, आपण जोडली. कोण बघायला आलंय? तळव्याची काळजी घ्यायची ती आपण शिकवूच. तिचं काही कमी होत नाही यात."

मला त्यांचं म्हणणं वाईट वाटलं नव्हतं, हे इथं सांगितलं पाहिजे. मी मनातून हो म्हटलं होतं.

कोरे डॉक्टर नळ चालू ठेवून उभे होते. म्हणाले, "कोयता कुणाच्या हातात होता?"

"म्हणजे?"

"बापूच्या हातात होता. तो आधीच भिंतीकडं बघून बोलतोय. आता हेही त्याच्यावर घालू?"

पाटोदेकरांनी टॉवेल दांडीवर टाकला आणि ते बाहेर गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी साखराबाई खाटेवर बसली होती. "सिस्टर, भूल उतरली न्हाई अजून. तळवा झोपलाय." डॉक्टर आत आले, स्टूल ओढून तिच्या पायाशी बसले. बापूलाही जवळ बोलावलं.

"साखराबाई, भूल उतरलीय. तळव्याची नस काल कापली गेली. माझ्या कात्रीनं. कोयत्याचा त्यात काही संबंध न्हाई. मी ती जोडलीय, पण धरंल का न्हाई, सांगता येत न्हाई."

तिला पहिल्यांदा कळलंच नाही. "म्हंजी चालता येणार न्हाई?"

"चालता येईल. चांगलं येईल. पण तळव्याला काही कळणार न्हाई. काटा रुतला तरी न्हाई, चटका बसला तरी न्हाई."

तिनं पायाकडं बघितलं. मग विचारलं, "तुमी सांगितलं कावून? आमाला काय कळलं असतं?"

डॉक्टरांनी बापूकडं बघितलं नाही. "पाय तुमचा हाय," एवढंच म्हणाले.

बापू मात्र पेटला. त्यानं स्टूल लाथेनं उडवलं, डॉक्टरांना आईवरून शिव्या घातल्या, सगळा दवाखाना व्हरांड्यात जमला. डॉक्टर उभे राहून ऐकत होते. बापूचा आवाज बसला तेव्हा ते म्हणाले, "उद्या पट्टी बदलायची हाय," आणि पुढच्या खाटेकडं गेले.

गोष्ट बाजारात गेलीच. दोन महिन्यांत पायाचे रोगी निम्म्यावर आले. वर्षभरात पाटोदेकरांनी बायपासला दुसऱ्या एका हाडांच्या डॉक्टरांबरोबर काचेच्या दारांचा दवाखाना काढला. भांडण झालं नाही. उद्घाटनाला कोरे डॉक्टर हार घेऊन गेलेही होते.

साखराबाईचं ऑपरेशन तसं यशस्वी झालं. सहा महिन्यांनी ती त्याच अंगणात चवड्यावर उभी राहिली, मातीवरून सरळ चालून गेली. लंगडणं कुठंच नव्हतं. बापूनं ते पाहिलं आणि तोंड फिरवलं. नस मात्र धरली नाही.

मग बाजाराच्या दिवसाचा नेम सुरू झाला. दर आठवड्याला ती यायची, डॉक्टर तिचा पाय घमेल्यात घेऊन धुवायचे, पुसायचे आणि बोटांच्या बेचक्यांतून तळव्यापर्यंत बघायचे. कधी बाभळीचं बारीक टोक निघायचं, कधी चपलेचा खिळा. तिच्यासाठी त्यांनी टायरच्या तळाची, आत मऊ रबर लावलेली चप्पल करवून घेतली. घरी रोज संध्याकाळी बापूनं तळवा बघायचा, असं बापूला शिकवलं. बापू डॉक्टरांशी बोलत नसे, पण शिकवलेलं करायचा. तीन वर्षं असं चाललं. तिला कंटाळा यायचा. "डाक्तर, लेकराचं बूड धुवावं तसं धुताव तुमी," म्हणायची. पुढं पुढं ती त्यांना मेंढरांची दुखणी सांगायला लागली आणि ते खरंच ऐकायचे.

तोपर्यंत त्यांनी बोटभर चीर सोडली होती. रशीदभाईंची सळई कपाटात गेली. आता ते पुन्हा वीतभर उघडून, डोळ्यांनी बघून काम करत. पुन्हा जखमा उसवायला लागल्या. मी एकदा न राहवून म्हणाले, "सर, पन्नास पाय चांगले झाले होते." ते म्हणाले, "होय."

चौथ्या वर्षी पाऊस झाला नाही. मेंढरं घेऊन धनगर गोदावरीच्या काठाला निघाले. डॉक्टरांनी तिला थांबायला सांगितलं. ती म्हणाली, "मी थांबते, पर मेंढरं थांबत्यात व्हय?" निघताना बापूच्या हातात डॉक्टरांनी पट्ट्या दिल्या, औषधाची बाटली दिली. पहिल्यांदा बापू त्यांना म्हणाला, "बघतो मी."

अडीच महिन्यांनी एका दुपारी जीप दारात थांबली. वास आधी आला. चादरीत गुंडाळलेली साखराबाई, अंगात ताप, आणि पाऊल काळंनिळं. तळव्यात चार बोटं लांब काटा मोडून आत राहिला होता, त्याच्याभोवती किडे पडले होते. बापू खाली फरशीवरच बसला. "आठ दिस मी नव्हतो, साहेब. बहिणीकडं मयत झालती, तिकडं गेलतो. आठच दिस."

डॉक्टर त्याच्याजवळ उकिडवे बसले. "बापू, आठ दिवस तुमचे न्हाईत. ते माझे हायत." बापूनं मान हलवली, पण त्याला ते पटलं असं मला वाटलं नाही.

पाय गुडघ्याखाली काढावा लागला. भूल द्यायला बायपासवरून पाटोदेकर डॉक्टर आले, न बोलावता. त्यांनी विचारलं, "पाय काढायला मी दुसऱ्या कुणाला सांगू का?" कोरे डॉक्टरांनी नको म्हटलं. मी हत्यारं देत होते. काढलेला भाग हातात घेताना मला दिसलं, टाचेमागची धोंडशीर घट्ट, जाड, चांगली जुळून आली होती.

जखम भरल्यावर घरी जाताना साखराबाई कुबड्यांवर उभी होती. डॉक्टर सवयीनं म्हणाले, "बाजाराच्या दिवशी या."

ती म्हणाली, "आता बघायला काय ऱ्हायलं, डाक्तर? कावून यीऊ?" तिच्या बोलण्यात राग नव्हता. ती खरंच विचारत होती. त्यानंतर ती आली नाही.

ते आणखी वर्षभर मोडलेले हात-पाय बसवत राहिले. बाजाराच्या दिवशी घमेलं नळाखाली तसंच असायचं. मग एक दिवस त्यांनी मला बोलावून दुसरीकडं नोकरी बघायला सांगितलं, चांगलं पत्र लिहून दिलं आणि दवाखाना बंद केला. मिसेसना घेऊन ते धर्मापुरीला भावाकडं गेले. मी सरकारी दवाखान्यात लागले.

सहा-सात वर्षांनी केजच्या स्टँडवर बापू भेटला. केस पिकले होते. त्यानंच मला ओळखलं. साखराबाई उन्हाळ्यात गेली म्हणाला, तापानं, तीन दिवसांत. मग म्हणाला, "शिव्या मी दिल्या सिस्टर, तिनं एकदा बी न्हाई दिली. त्यास्नी सांगा."

मी पुढच्या सुट्टीला परळीहून धर्मापुरीची एसटी धरली. दुकान देवळाच्या रस्त्यालाच होतं. डॉक्टर गादीवर उभे राहून एका बाईला परकराचं कापड मोजून देत होते. आणखी किडकिडीत झाले होते. मला पाहून हसले, भावाच्या सुनेला चहा सांगितला, माझ्या पोरांची चौकशी केली. कापड मोजता मोजता, मान वर न करता त्यांनी विचारलं, "साखराबाईचा काही निरोप? दुसरा पाय कसा हाय तिचा? सगळा भार त्याच्यावर येतो."

मी वाटेत ठरवलं होतं की बापूचा निरोप आधी सांगायचा आणि बाकीचं जमलं तर. मी म्हणाले, "पाय बरा होता."

त्यांचा गज कापडावर थांबला.

"होता?"

मी बापूनं सांगितलेलं सगळं सांगितलं. ताप, तीन दिवस. निरोपही सांगितला. त्यांनी फक्त एवढंच विचारलं, "पायानं न्हाई ना?"

"नाही. तापानं."

त्यांनी मान हलवली. ती बाई म्हणाली, "किती झालं, अप्पा?" ते म्हणाले, "चुकलं बहुतेक, पुन्हा मोजतो."

माझी एसटी पाचची होती. चहा घेऊन मी निघाले. रस्त्याच्या वळणावर मागं वळून पाहिलं तेव्हा ती बाई पायरीवर टेकून बसली होती, आणि डॉक्टर गज धरून तेच कापड पहिल्या टोकापासून मोजत होते.